गावकीची खाट

“काकी, मरायचंच असंल तर बुधवारपर्यंत तिथंच मरा,” सरपंच मानसिंग फोनवर म्हणाला. “गावात नको.”

फोन स्पीकरवर होता. कोपरखैरण्याच्या त्या खोलीत तो खिडकीच्या गजाला टेकवून ठेवावा लागे, कारण रेंज तेवढ्याच जागी यायची. राहीबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. सकाळी डॉक्टर म्हणाले होते, “आता घरी न्या. आवडेल ते खाऊ घाला.” डॉक्टर इतके प्रेमाने बोलायला लागले की काय समजायचं, ते राहीबाईला बरोबर समजलं होतं.

“बुधवारी काय हाय?” तिनं विचारलं.

“समिती येतीय. निरोगी गावाचं बक्षीस! आपल्या करवंदवाडीत सात वर्सांत कॅन्सरनं एक बी मयत न्हाई. अख्ख्या जिल्ह्यात असा आकडा कुणाचा न्हाई, काकी.”

आकडा खरा होता. करवंदवाडीत कॅन्सरनं कुणी मरत नसे. सगळे कोपरखैरण्यात येऊन मरत.

ही खोली गावकीची. गावची जी पोरं वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून लागायची, ती आधी इथं वळकटी टाकायची. पुढं पोरांनी आपापली घरं केली आणि खोलीत इस्पितळासाठी येणारी माणसं उतरू लागली. माणूस जिथं मरतो, दाखला तिथला मिळतो. त्यामुळं गाव ठणठणीत आणि खोली बदनाम. एकाच खोलीत एवढी माणसं कशी जातात, या विचारानं सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर यांची झोप उडाली. त्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि गच्चीवरचा मोबाइलचा टॉवर हलवायला लावला. माणसं जायची ती जातच राहिली. फक्त आता ते कळवायला रेंज मिळेना.

“मानसिंगा, इथला जिना अरुंद हाय रं,” राहीबाई म्हणाली. “वळणावर मढं उभं करून न्यावं लागतंय. मागल्या खेपेला माझ्या डोळ्यानं बघितलं मी. मेल्यावर तरी माणसाला आडवं राहू द्या की!”

“माणसं पाठवतो चार. आडवंच न्हेऊ. बुधवार झाला की गावात थाटात आणू तुमास्नी. बँड लावून.”

“बँड लाव. पर मला ऐकू येनार हाय का?”

पलीकडं मानसिंग नुसता खाकरला.

“आन् माझी म्हस?” राहीबाई म्हणाली. “ती माझ्याबिगर कुणाला पान्हवत न्हाई. कुणाच्या तरी हाताची सवय लावून जाते तिला. मग तुमचं काय ते बक्षीस घ्या.”

“म्हशीचा व्हिडिओ पाठवतो, काकी. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय.” आणि फोन बंद झाला. या वेळी रेंजचा दोष नव्हता.

खोलीची देखभाल धनाजीकडे होती. कांदा-बटाटा मार्केटात तो गोण्या उचलायचा आणि उरलेल्या वेळात गावची माणसं. त्यानं गावातल्या सगळ्या जीपवाल्यांना फोन लावले. कुणाचा टायर पंक्चर होता, कुणाची बायको. सरपंचाचा निरोप सगळीकडे पोचला होता.

“टेम्पो बघतो, काकी,” धनाजी म्हणाला. “कांद्याचा मिळंल. वास येईल थोडा.”

“येऊ दे. रडायला माणसं न्हाई मिळाली तर कांदा तरी असंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो यायच्या आधी मानसिंग आला. तीन जिने चढून धापा टाकत दारात उभा राहिला. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. धनाजी दार अडवून उभा राहिला.

“सरपंच, पाया पडतो. काकीला अडवू नका.”

“अडवतंय कोण?” मानसिंग म्हणाला. “खाली जीप हाय. डायवरला सांगितलंय, हळू न्हे. काकी, उठा. घरी जायचंय तुमाला.”

धनाजीला भरून आलं. निवडून आलेल्या माणसाला काळीज असतं, हे तो पहिल्यांदाच बघत होता. त्यानं सरपंचाचा हात धरला.

“आन् बक्षीस?”

“जाऊ दे रं बक्षीस.”

धनाजीच्या आधारानं राहीबाई खाटेवरून उतरली, स्टुलावर बसली, चप्पल शोधू लागली. मानसिंगनं पायातले बूट काढले. मग त्यानं पिशवी तिच्या उशीशी ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. ताट, तांब्या, चादर. शेवटी एक्स-रेचं मोठं पाकीट. खाटेच्या कडेला तो अंग चोरून टेकला, दुसऱ्याच्या घरी बसावं तसा.

धनाजीनं पाकिटावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

“आ कर,” राहीबाई म्हणाली.

मानसिंगनं तोंड उघडलं. पुरतं उघडेना. राहीबाईनं वाकून पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

“कधीपासनं रं हे?”

“संक्रांतीपासनं. रिपोर्ट काल रात्री आला.”

“आरं मुडद्या, शिमग्यात तपासणीची गाडी आलती न्हवं आपल्या गावात? फुकटात बघत होते. दाखवायला काय झालतं?”

मानसिंग चादरीची घडी मोडत राहिला.

“मीच परत पाठवली ती गाडी, काकी,” तो म्हणाला. “म्हटलं, आमच्यात नसतो कॅन्सर.”