एकच दोरी

"किती दोऱ्या दिसतात?" प्रतिभामॅडमनी विचारलं.

दोरीचं एक टोक मोनिकाच्या नाकाच्या शेंड्याला टेकवलेलं, दुसरं खिडकीच्या गजाला बांधलेलं. मधे तीन मणी ओवलेले: लाल, पिवळा, हिरवा. पिवळ्या मण्याकडे बघायचं आणि दोऱ्या किती दिसतात ते सांगायचं, एवढंच काम. तरी आठ वर्षांच्या पोरीला घाम फुटला होता.

तिने हळूच आजोबांकडे पाहिलं. म्हाळूआबा दाराजवळच्या बाकावर मुंडासं मांडीवर घेऊन बसले होते.

"एक," मोनिका म्हणाली.

मॅडमनी कार्डावर लिहिलं. आधीच्या पाच भेटींतही तेच लिहिलेलं होतं.

मोनिकाचा डावा डोळा आळशी होता. दिसायला चांगला टपोरा, पण सगळं काम उजव्याच्या गळ्यात घालून हा आपला ऐतखाऊ पाहुण्यासारखा बसून. चष्मा झाला. उजव्यावर पट्टी बांधून झाली. पट्टी असली की डावा नाइलाजाने कामाला लागायचा, काढली की पुन्हा बसायचा. म्हणून जानेवारीपासून दोन्ही डोळ्यांना एकत्र जुंपायचा हा व्यायाम, रोज सकाळी पंधरा मिनिटं. आई खुरपणीला जायची, तेव्हा घरी तो आबाच करून घेत. प्रतिभामॅडम महिन्यातून एकदा डोळे तपासायला पुण्याहून शिरूरला येत, दुसऱ्या दिवशी दौंडला जात. आज काय तो निकाल लागायचा होता.

"आबा, सहा महिने झाले," त्या म्हणाल्या. "फरक पडत नाहीये. पोरीला उगाच किती जाचायचं? आता थांबू या."

"थांबू?" आबा उठूनच उभे राहिले. "आवो, तळेगावास्नं जीपला लटकून येतुया आमी. येक दिस खाडा केला न्हाई. आन् सुधारलीया की पोर! मधी लई बिघाडली व्हती. दोन दोऱ्या दिसत्यात म्हणायची."

मॅडमचं पेन थांबलं. "कधी?"

"व्हळीच्या सुमाराला. म्या म्हटलं, झालं, चांगला डोळा बी गेला. मंग दोरी माज्या नाकाला लावून बघितली. चांगली येकच व्हती. दिला पाठीत धपाटा. म्हटलं, मेंढरू येक आसल तर येकच मोजायचं. तवापास्नं बघा, कशी नीट सांगतीया."

आबांच्या घरी संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरताना मोजत, आणि मोजणी जुळल्याशिवाय कुणी भाकरीला हात लावत नसे. चुकीचा आकडा सांगणारं माणूस त्या घरात चोराहून वाईट.

"आबा," मॅडम कशाबशा म्हणाल्या, "दोनच दिसायला हव्यात. एकेका डोळ्याची एकेक. एकच दिसली, तर एक डोळा झोपलेला."

आबा परत बाकावर बसले.

"चूक माझीच आहे. उत्तर सांगितलं की मुलं तेच म्हणतात, म्हणून मी कुणालाच सांगत नाही."

आणि आता तर उत्तर पोरीच्या देखतच फुटलं होतं. ती दोन म्हणाली, तरी ते खरं कसं मानायचं? शिवाय होळीला जागा झालेला डोळा चार महिन्यांत पुन्हा झोपला असेल तर? मॅडमनी खुर्ची आबांच्या आणि मोनिकाच्या मधे ओढली आणि कागद-पेन्सिल पोरीच्या हातात दिली.

"आता किती ते सांगू नकोस. पिवळ्या मण्याकडे बघ, आणि दोरी दिसते तशी काढ. भ्यायचं नाही. दिसतंय तेवढंच."

मोनिकाने बघितलं. खूप वेळ बघितलं. बाकावर आबांनी मुंडासं घट्ट आवळून धरलं होतं. मग तिने एक रेघ ओढली आणि दुसरी तिला आडवी छेदत नेली. जिथे छेदल्या तिथे मणी काढला.

"आता लाल मण्याकडे बघ."

"फुली हिकडं सरकली," मोनिका पुटपुटली आणि तिने नाकाजवळच्या मण्यावर बोट टेकवलं.

दोन्ही डोळे जागे असले की ज्या मण्याकडे बघावं तिथेच दोन दोऱ्यांची फुली होते; हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग एक का म्हणत होतीस गं?"

"आबांनी मोजली व्हती ना."

मॅडमनी कार्डावरचा आजचा आकडा खोडला. मग त्या थबकल्या. वळून त्यांनी पहिल्यांदाच आबांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं.

"आबा, तुम्हाला खरंच एकच दिसली होती?"

"येकच. आता बी लावून बघतो."

आबा खुर्चीत बसले. दोरी नाकाला लावली, पिवळ्या मण्यावर नजर रोखली.

"येकच," ते म्हणाले. पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

मॅडमनी त्यांच्या उजव्या डोळ्यावर तळवा धरला. "आता?"

आबांनी मान पुढे काढून डोळा ताणला. मोनिका जवळ आली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आबा, भिऊ नगा. दिसतंय त्येवढंच सांगायचं."

आबांनी समोर हात लांबवला, हवेत चाचपून दोरी धरली.

"येक बी न्हाई गं," ते म्हणाले.