सामरवरणीच्या जुळ्या

डॉक्टर शैलजांनी जयाला तिसऱ्यांदा कुशीवर वळायला सांगितलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन बाळं दिसत होती, समोरासमोर. जया कशीही वळली तरी ती एकमेकांपासून सुटत नव्हती.

"जया, बाळं दोन आहेत. पण पोटाशी एकमेकांना जोडलेली आहेत."

जयाचा नवरा नवनाथ खडोलीच्या कारखान्यातून अर्धी पाळी टाकून आला होता. त्याने जयाजवळ स्टूल ओढलं. शैलजांनी काही लपवलं नाही. यकृत एकच दिसत होतं. बाळंतपण मुंबईलाच करावं लागणार होतं, तेही सिझर करून. पुढे दोघांना वेगळं करायचं ऑपरेशन. त्यात दोन्ही हाती लागतील असं कुणी सांगू शकत नव्हतं. मुलं नको असतील तर गर्भपाताची कायद्यातली मुदत अजून संपली नव्हती.

"हृदयं किती हायेत?" जयाने विचारलं.

"दोन. वेगवेगळी. दोन्ही छान चालताहेत."

"मग मुंबईची चिठ्ठी द्या, मॅडम."

घरी सासूबाईंनी, कमळाबाईंनी, कपाळाला हात लावला. असलं काही गावाकडे धुळ्याला भावकीत कळलं तर आपल्या धाकट्या मुलीचं लग्न जमायचं नाही, हीच त्यांना धास्ती. जया मुंबईला गेली आणि त्यांनी चाळीत सांगून टाकलं, सून बाळंतपणाला माहेरी गेली.

मुली झाल्या. जया त्यांना घेऊन मुंबईतच राहिली. सहाव्या महिन्यात ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी मात्र कमळाबाई न बोलावता मुंबईला आल्या. नऊ तास बाकावरून उठल्या नाहीत, पाण्याचा घोट घेतला नाही. सकाळी आत एक खाट गेली होती. संध्याकाळी बाहेर दोन आल्या.

महिन्याभराने सगळे सामरवरणीला परतले. एक मुलगी जयाच्या खांद्यावर, एक कमळाबाईंच्या. शेजारची मनीषा चाळीच्या तोंडाशीच भेटली.

"आली का जया माहेराहून? भलतीच राहिली या वेळी."

सासूचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं जयाने वाटेतच ठरवलं होतं. ती 'हो' म्हणणार, तोच कमळाबाई पुढे झाल्या.

"माहेरी नव्हती गेली. मी खोटं बोलले. पोरी एकमेकींना चिकटून जन्मल्या. आम्ही समदे घाबरलो, ही एकटी नाही घाबरली. जा, साऱ्या चाळीला सांग."