कुंडावरचा भात

या बाप्पा, जरा जवळ सरका. एका सुट्टीची कथा सांगतो.

पूर्ण्याचे विष्णुपंत बायकोच्या हातचं सोडून कुणाचं खात नसत. पण त्रेपन्न साली लीलाबाईंना घेऊन उनकेश्वराच्या गरम कुंडांवर निघाले, तेव्हा त्यांनी शब्द दिला, "दोन दिवस तू चुलीपुढं बसायचं नाही. कुंडात भात शिजतो, मी कीर्तनात ऐकलंय!"

पंतांनी तांदळाची पुरचुंडी कुंडात सोडली. पाणी मात्र अंघोळीपुरतंच ऊन. दुपार कलली तरी तांदूळ कच्चेच.

"चूल मांडतेस का गं?" पंत हळूच म्हणाले.

"शब्द कुणी दिलाय?" लीलाबाई हसल्या.

संध्याकाळी कुंडाशेजारच्या वस्तीत ढोल वाजले. गोंडांच्या बाया हातात हात गुंफून नाचायला लागल्या. त्यांच्यातली कोंडाबाई नाच सोडून डाळ-भाकरी घेऊन आली, "खाय माय, सकाळधरनं उपाशी हायस." लीलाबाई पोटभर जेवल्या. पंत पाठ फिरवून नामस्मरण करत बसले.

सकाळी लीलाबाई गाठोडं बांधायला लागल्या, तर पंत जागेवर नाहीत. शोधत गेल्या, तर कोंडाबाईच्या अंगणात डाळीत भाकरी चुरत बसलेले.

 

"लीला, आपली सुट्टी एक दिवस वाढवलीय!"

घास उचलताना त्या कोंडाबाईला आठवा, बाप्पा.