खांडीतलं दार

दाराच्या बिजागरीची शेवटची खीळ काही केल्या निघेना. इनासने तिला खोबरेल पाजलं, हातोडीने ठोकलं, मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि शेवटी चर्चच्या पायरीवर टेकला. त्याची कंबर भरून आली होती. प्रवचन गुंडाळून पाद्रींनी माणसं केव्हाच खाडीकडे पिटाळली होती, रविवारच्या धुतल्या कपड्यांतच.

"फादर, दार राहू द्या," तो म्हणाला. "दुसरं काय पण न्या."

"दुसरं काही उरलंय का, इनास?"

ते मात्र खरं होतं. हे पाद्री आल्यापासून चर्चमधली एकेक वस्तू बाहेरची वाट धरत होती. पटकीच्या साथीत आजाऱ्यांना निजवायला बाकं गेली, ती परत आली तेव्हा जाळण्याच्याच लायकीची उरली होती. घंटेचा दोर महारवाड्यातल्या विहिरीवर गेला, आणि तेव्हापासून इनास शिडी चढून हाताने घंटा बडवत होता. चर्चचा राखणदार म्हणून राखायला त्याच्याकडे आता एक चांदीचा पेला आणि हे दारच काय ते होतं. सागवानी, त्याच्या आज्याने बसवलेलं. दर पावसाळ्याआधी तो त्याला तेल चोळायचा. पाद्रींच्या या परोपकाराचा त्याला मनापासून कंटाळा आला होता.

खाडीच्या बांधाला पहाटे खांड पडली होती, बैलगाडी जाईल एवढी. आज सर्वपित्री अमावस्या, भर दुपारी उधाणाचं पाणी चढणार. ते खांडीतून आत शिरलं की लोंबीवर आलेलं भात गेलंच, आणि पुढे तीन वर्षं त्या जमिनीत गवत उगवणार नाही. शेतं आगऱ्यांची, म्हणजे खोताची. आगरी नुसते कसणारे. चर्चच्या माणसांचं तिथं वीतभर रान नव्हतं. खोताच्या अंगणात फळ्यांची रास पडली होती, पण उन्हाळ्यात कुळांनी पिकाच्या वाटणीवरून तोंड उघडलं होतं, म्हणून आज त्याचं फाटक बंद होतं. जमीन खारी झाली की कुळं आपोआप उठतील, असं त्याचा कारभारी उघड सांगत होता.

पायरीखाली सगुणा उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. खांडीमागचं पहिलं शेत तिचं. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते करायची. ती हात जोडत नव्हती, रडत नव्हती, आणि त्याचाच इनासला जास्त राग येत होता.

"देताव का न्हाय, ता सांगा," ती म्हणाली. "पानी चढतंय."

इनास उठला. एकच घाव घातला आणि खीळ निघाली.

खाडीवरून परत आलेल्या सहा जणांनी दार खांद्यावर घेतलं, तिरडी नेतात तसं. बांधावर आगरी पुरुषांनी बांबू ठोकून ठेवले होते. बांबूंना टेकवून दार आडवं उभं केलं आणि सगळे त्याला पाठी लावून दाबत राहिले. पाद्रींनी झगा कमरेला खोचला. बाया पेंढा आणि चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देत होत्या, आणि कोणाच्या हातून घेतोय हे पाहायला आज कोणाला सवड नव्हती. पाणी दाराच्या कडीपर्यंत चढलं. लाटेसरशी कडी दारावर आपटायची, बाहेर कोणी उभं असल्यासारखी. इनास डोळे मिटून ती ऐकत होता. मग कधीतरी ती वाजायची थांबली. पाणी उतरत होतं.  जो तो होता तिथंच चिखलात बसला.

दिवस कलला तेव्हा इनास चर्चवर परतला आणि सवयीने खिशातली चावी काढून उभा राहिला. समोर नुसती चौकट होती. वेदीपाशी एक शेळी मेणबत्ती खात होती. त्याने तिला हाकललं. आता आतल्या चांदीच्या पेल्यासाठी रात्रभर इथं बसणं आलं, या कमरेनिशी. त्याला रडू आलं, आणि मग रडण्याचाही कंटाळा आला.

सगुणा आली ती काखेत घोंगडी आणि हातात कोयता घेऊन. इतक्या वर्षांत ती कधी पायरीच्या वर आली नव्हती. आज ती सरळ वर चढली आणि उंबऱ्यावर घोंगडी अंथरली.

"इनासदादा, तू घरा जा."

तो म्हणाला, असं कसं जाऊ, चर्च उघडं टाकून?

"तुजं दार माजं भात राखतंय," ती म्हणाली. "दुसरं दार व्हईपर्यंत हिकरं आमी बसनार. आज मी, उद्या अंबाजी, परवा रावजीची बायको. ठरलंय आमचं." मग तिने हात पुढे केला. "चावी दे."

चावीचं आता काय करणार, असं इनासच्या ओठांवर आलं होतं.  त्याने चावी दिली.

सगुणाने ती पदराच्या टोकाला बांधली आणि वर आणखी एक गाठ मारली. मग चौकटीच्या एका बाजूला पाठ टेकली आणि दुसरीला पाय लावले. जायच्या आधी इनासला एकदा आत नजर टाकायची होती, पण आत जायला वाटच उरली नव्हती. तो घरी गेला आणि झोपला.