पाळीच्या आधी

"शेवटची पाळी कधी आली?" नर्सने कागदावरून मान वर न करता विचारलं.

"बाळंतपणानंतर आलीच नाही."

"बाळ केवढं?"

"परवा चार महिन्यांचं झालं."

"अंगावर पाजता?"

"नाही. गोळ्या घेऊन दूध आटवलं." नर्सने मान वर केली, म्हणून ती घाईने पुढे म्हणाली, "चष्म्याच्या दुकानात कामाला असते. भिंगं घासायला."

नर्सने पट्टी उजेडात धरली. दोन रेघा. "पाळी नाही म्हणून बिनधास्त राहिलात ना? अहो, बीज आधी तयार होतं, पाळी मागाहून येते. अंगावर पाजत नसाल तर महिन्याभरातसुद्धा दिवस जाऊ शकतात. कुणी सांगितलं नाही?"

"सासूबाई म्हणाल्या होत्या, पाळी येईपर्यंत काही धास्ती नाही."

नर्स हसली. समोरचा हसला की हसायचं असतं, म्हणून तीही हसली. आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. दुसऱ्याच कुणाचा निरोप चुकून आपल्या हाती पडावा, तसं काहीसं.

दुकानात तिने संध्याकाळपर्यंत अकरा भिंगं घासली. एकाचाही कपचा उडाला नाही. "आज हात छान बसलाय," मालक म्हणाला. ती नुसतं हो म्हणाली.

घरी आली तेव्हा सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या जाऊबाई खाली आल्या होत्या. चार महिन्यांचं बाळ त्यांच्या मांडीवर बाटलीने दूध पीत होतं. नवरा खुर्चीत बूट सोडत बसला होता. तिने दारातच, उभ्या उभ्या सांगून टाकलं.

सासूबाईंचे हात थांबले. "इतक्यात? अगं, अजून ओली बाळंतीण तू! अंगात रक्त तरी उरलंय का?"

नवऱ्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. "ठेवायचं?"

"ठेवायचं." स्वतःचाच आवाज तिला पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

त्या आवाजासरशी बाळाने बाटली सोडली आणि मान वळवली. तिचे हात आपोआप पुढे झाले.

"राहू दे गं, दमून आलीयेस," म्हणत जाऊबाई उठल्या. बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली. ढेकर निघाला तसं सासूबाईंना बरं वाटलं. दाराशी जाऊन जाऊबाई थांबल्या, बाळाची इवलीशी मूठ आपल्या हातात धरली आणि तिच्याकडे बघून हलवली.

"चला सोन्या, वर बाबा वाट बघतायत. काकूला टाटा कर. आणि सांग तिला, मला आता चुलत बहीण पाहिजे."