मधली चिप

अण्णांच्या बोटीवरचं मासे दाखवणारं यंत्र त्यांच्या इंजिनियर लेकीने, हेमालीने, नवा बोर्ड बसवून स्वतः दुरुस्त केलं. "जुना बोर्ड पाच व्होल्टचा, नवा तीनचा. मधे सिग्नलचे व्होल्ट उतरवणारी चिप नसेल, तर नवा आज ना उद्या जळणारच," तिने सगळ्यांना समजावलं होतं.

भर समुद्रात यंत्र जळालं. बोट रिकामी सातपाटी बंदरात परतली.

"बाईमानूस बोटीवर चढली, म्हनून झालं," म्हातारा नामदेव खलाशी पुटपुटला.

अण्णा भडकले. "माज्या पोरीच्या कामात खोट नाय! परत आसं बोललास तर बोटीवर पाय ठेवू नको."

नामदेवने तिच्यापुढे हात जोडले. "चुकलो गो, पोरी."

 

‘बंदरात तर चिपशिवायही चालतंय’ म्हणून तिने घाईत न लावलेली ती चिप पर्समध्ये अजून पाकिटातच होती.