दुसरं पान

एकाच बाईनं एकच अर्ज चौदा वेळा उघडला होता, आणि चौदाही वेळा तो दुसऱ्या पानावर अडकला होता.

मानसीनं नोंदी वरपासून खालपर्यंत पाहिल्या. अंधेरीच्या त्या ऑफिसात तीन वर्षं ती हीच वेबसाइट सांभाळत होती. मृत्यूच्या दाखल्यावर नाव चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज इथं भरायचा. रोज तीस-चाळीस तक्रारी यायच्या. पाठवायचं उत्तरही ठरलेलं होतं: ब्राउझर बदलून पाहा, नेट तपासा. या बाईंना ते दोनदा गेलं होतं. तिसऱ्यांदा पाठवायचा मानसीलाच कंटाळा आला. अर्धा डबा तसाच बाजूला सारून तिनं फोन लावला.

"एथेल आंटी ना? तुमच्या अर्जासाठी फोन केला होता."

"हां, बोल बाय." सांताक्रूझच्या गावठाणातला पत्ता होता. आवाज थकलेला, पण स्वच्छ.

"दुसऱ्या पानावर नक्की काय होतं?"

"पुढचं बटण दाबते, तर येतं, तुमचा वेळ संपला, पुन्हा सुरुवात करा. मग परत माझं नाव, पत्ता. परत त्याचं नाव, त्याचं वय."

"नेट स्लो आहे का तुमच्याकडे?"

"नेट झकास आहे. मुलानंच बसवून दिलेलं. ॲश्टननं."

मानसीच्या समोर तेच नाव होतं. दाखल्यावरचं नाव: अश्विन. खरं नाव: ॲश्टन. वय सव्वीस. मृताशी नातं: आई.

ती नेहमीचं समजावू लागली. "आंटी, तुम्ही पान भरून पाठवलं की मशीनला कळतं, तुम्ही आहात. मधे वीस मिनिटं काहीच आलं नाही तर त्याला वाटतं, तुम्ही उठून गेलात. मग ते सगळं पुसून टाकतं."

"मी कुठं जाणार? इथंच बसलेली असते."

ती वीस मिनिटं मानसीनंच घातली होती.

"मृत्यूचं कारण लिहा म्हणतात ना तिथं," एथेल म्हणाली. "तिथं वेळ लागतो गं."

"मी भरू का? तुम्ही सांगा, मी इथून लिहिते."

"नको. हॉस्पिटलात दुसऱ्या कुणी भरलं म्हणून तर अश्विन झाला. त्याचा बाप रुडॉल्फ म्हणतो, सोड आता, देवाला ठाऊक आहे आपल्या पोराचं नाव. पण कागदावर बघ ना, कुणी भलताच गेलाय. माझा गेलेला कुणी मानतच नाही. आणि तीस तारखेला मुदत संपते, मग तुम्ही अर्ज घेणार नाही म्हणे."

तीस तारखेला अकरा दिवस होते.

मानसीनं अर्जात बदल करायचं विचारलं, तर टीम लीड सुबोधनं मानेनंच नकार दिला. "ऑडिटमध्ये वीस मिनिटं लिहिलीत. त्याला हात लावू नकोस यार, वाट लागेल."

"वेळ नाही वाढवत रे. जेवढं भरलंय तेवढं जपून ठेवते. माणूस परत आला, ओटीपी टाकला, की सोडलं होतं तिथून पुढे."

"एका बाईसाठी?"

"चौदा वेळा लिहिलंय तिनं, सुबोध. पोटचा पोरगा गेल्याचं."

सुबोधनं डोळे चोळले. "टाक. पण टेस्टिंग तूच करायचं."

तीन दिवस तिचं दुसरं काही झालं नाही. खोट्या नावांनी, खोट्या मृत्यूंनी तिनं तो अर्ज कितीदा भरला, अर्ध्यात सोडला, परत उघडला. तिसऱ्या दिवशी दुपारी बदल चालू झाला. तिनं एथेलला स्वतःचा नंबर दिला. "आता कितीही वेळ घ्या, आंटी. काही पुसलं जाणार नाही."

त्यानंतर रोज चारच्या सुमारास ते पान उघडायचं. मधे मधे ओटीपी टाकत तासभर उघडं ठेवलेलं असायचं. नाव, वय, नातं जिथल्या तिथं. कारणाचा रकाना कोरा. पंचवीस गेली, सव्वीस गेली. मानसीनं आठवण करून देणारा मेसेज दोनदा टाइप केला आणि दोन्ही वेळा खोडला.

अठ्ठावीसला अर्ज आला. कारणात दोनच शब्द होते, 'डेंगीचा ताप'.

थोड्या वेळानं फोन वाजला. "गेला बाय अर्ज."

"बघितला मी. सगळं बरोबर आहे, आंटी. नवा दाखला घरी येईल."

"बरं." मग एथेलनं विचारलं, "ते पान आता परत उघडतं का?"

"नाही. एकदा पाठवलं की बंद होतं. का, काही चुकलं का?"

"नाही गं, चुकलं काही नाही. दुपारी जरा त्याच्याजवळ बसायची सवय झाली होती."

स्क्रीनवर नवी तक्रार येऊन पडली होती. मानसीनं ती उघडली नाही. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नव्हता, आणि तिनंही ठेवला नाही.